प्राध्यापकांचे शोधनिबंध गुणांत कसे मोजले जाऊ लागले

महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालात 'प्राध्यापकांची कामगिरी' या मथळ्याखाली शोधनिबंधांची रांग असते आणि कवितासंग्रह किंवा नाटक शेवटी कुठेतरी असते. हा क्रम विद्यापीठ अनुदान आयोगाच्या गुणतक्त्यातून आला आहे.

30 जून 2010च्या नियमावलीने एपीआय, म्हणजे पदोन्नतीसाठी प्राध्यापकांची कामगिरी गुणांत मोजणारा निर्देशांक, आणला. समीक्षित (छापण्याआधी तज्ज्ञांकडून निबंध तपासून घेणाऱ्या) नियतकालिकातल्या निबंधाला 15 गुण आणि असमीक्षित, पण आयएसएसएन असलेल्या मान्य नियतकालिकातल्या निबंधाला 10. घोळ इथेच झाला. आयएसएसएन हा केवळ नोंदणीचा आठ अंकी क्रमांक आहे. मजकूर कुणी तपासला की नाही, हे तो सांगत नाही. तरी पदोन्नतीच्या फायलीत तो गुणवत्तेचा शिक्का ठरला आणि पैसे घेऊन आठवड्यात निबंध छापणाऱ्यांचे फावले.

आवर घालायला आयोगाने 2017मध्ये मान्य नियतकालिकांची यादी काढली, पण त्यातली बरीच नावे विद्यापीठांच्याच शिफारशीने आलेली. मे 2018मध्ये त्यातून 4,305 नावे वगळावी लागली. पुढे जून 2019पासून आयोगाची (यूजीसी) पारखलेल्या नियतकालिकांची नवी 'यूजीसी-केअर' यादी लागू झाली. तिचे विश्लेषण सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या कक्षाकडे होते. मग यादीतल्या नियतकालिकांच्या नावाने बनावट संकेतस्थळे निघाली. मूळ अंकाचा आयएसएसएन, संपादक मंडळ आणि शुल्काची मागणी ताडून न पाहणारा तिथे फसतो.

18 जुलै 2018च्या नियमावलीतला तक्ता मुळातून वाचावा असा आहे. भाषा व मानव्यविद्यांत निबंधाला 10 गुण, विज्ञानात 8. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला 70 टक्के. दोनापेक्षा जास्त असतील तर प्रमुख लेखकाला 70 आणि इतरांना प्रत्येकी 30 टक्के. म्हणजे 10 गुणांचा निबंध दोघांनी लिहिला तर एकूण 14 गुण वाटले जातात! लेखकांच्या यादीत एखादे नाव सहज का वाढते, ते यातून कळावे. राष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला 10 गुण, अख्ख्या पुस्तकाच्या अनुवादाला 8. दोन वर्षे खपून कादंबरी मराठीत आणणाऱ्याला एका निबंधाहून कमी. स्वतःच्या कवितेला किंवा कथेला तर वेगळा रकानाच नाही. मराठीच्या विभागांत हे जास्त खुपते. महाविद्यालयात पदोन्नतीने प्राध्यापकपद मिळवायला मात्र 10 निबंध आणि 110 गुण लागतात.

आयोगाच्या नव्या नियमावलीच्या जानेवारी 2025च्या मसुद्यात गुणांऐवजी नऊ क्षेत्रांतल्या 'उल्लेखनीय योगदाना'पैकी किमान चार दाखवण्याची कल्पना आली. भारतीय भाषांतले अध्यापन हे त्यांतले एक. पाठोपाठ फेब्रुवारीत केअर यादीही बंद झाल्याचे आयोगाने कळवले. नियतकालिक पारखण्याची जबाबदारी त्यामुळे संस्थांकडे आली. निबंध पाठवण्याआधी समीक्षेची पद्धत लेखी मागून घ्यावी आणि स्वीकृतीपत्राबरोबर समीक्षकांचे शेरेही जपून ठेवावेत. छाननी समितीपुढे यादीतले नाव दाखवून आता भागणार नाही.