एपार्कचा ग्रंथ

बायझंटिन साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल (आजचे इस्तंबूल) येथील व्यापारी व कारागीर श्रेणींच्या (व्यावसायिक संघांच्या) नियमांचा ग्रीक संग्रह. एपार्क म्हणजे नगराधिपती. बाजारपेठ, वजनेमापे आणि श्रेणींतील प्रवेश त्याच्या अखत्यारीत असे. संग्रहात २२ प्रकरणे असून त्यांत लेखप्रमाणक (नोटरी), सराफ, रेशीमव्यापारी, अत्तरविके, खाटीक, भटारी, मद्यविक्रेते इत्यादींचे नियम आहेत.

प्रस्तावना सम्राट सहावा लिओ (कार. ८८६–९१२) याच्या नावाने असल्यामुळे संग्रहाचा काळ सामान्यतः इ. स. ९११-१२ मानतात. मात्र उपलब्ध संहितेत टेटार्टेरॉन या सुवर्णनाण्याचा उल्लेख येतो. बाराव्या शतकातील इतिहासकार झोनारास हे नाणे दुसरा नायकेफोरस फोकस (कार. ९६३–९६९) याने काढल्याचे सांगतो. या आधारे काही अभ्यासकांनी ग्रंथाचा काळ दहाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत खाली आणला आहे. परंतु असे नियमसंग्रह कचेरीत रोजच्या वापरात असत आणि चालू व्यवहाराप्रमाणे त्यांत भर पडणे साहजिक होते. त्यामुळे गाभा लिओच्या वेळचा व नाण्यांविषयीची कलमे मागाहून घातलेली, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. बहुतांश संहिता जिनीव्हा येथील एकाच हस्तलिखितात टिकून राहिली. ज्यूल निकोल यांनी ती १८९३ मध्ये प्रसिद्ध केली.

प्रस्तावनेतच धर्म आणि बाजार यांची सांगड घातलेली आहे. ईश्वराने स्वतःच्या बोटाने पाट्यांवर नियम कोरले, ते बलवानाने दुर्बलाला नाडू नये म्हणून. तोच न्याय तराजूलाही लागू, असा तिचा आशय. लेखप्रमाणकांची संख्या २४ ठरलेली होती. उमेदवाराला कायद्याच्या लघुसंहितेची ४० प्रकरणे मुखोद्गत असावी लागत व ‘बॅसिलिका’ या बृहत्संहितेचे ६० खंड अवगत असावे लागत. निवड झाल्यावर चर्चमध्ये धर्मगुरू त्याच्यासाठी प्रार्थना करी आणि श्रेणीचा प्रमुख हाती धूपपात्र घेऊन त्याच्याकडे धूप दाखवी. अत्तरविक्यांची दुकाने राजवाड्याच्या खाल्की या दारावरील ख्रिस्तप्रतिमेपासून मिलिऑन या मैलस्तंभ-वास्तूपर्यंत मांडलेली असत. सुगंध प्रतिमेपर्यंत व राजवाड्याच्या देवडीपर्यंत पोहोचावा, असे कारण नियमातच दिले आहे. त्यांच्या मालात कस्तुरी, ऊद, दालचिनी यांच्या जोडीला मिरीही असे; ती मुळात भारताच्या मलबार किनाऱ्यावरची. रविवारी व मोठ्या सणांना मद्यविक्रेत्यांना दिवसाच्या (सूर्योदयापासून मोजलेल्या) दुसऱ्या तासापूर्वी दुकान उघडता येत नसे. ईस्टरपासून पेंटेकॉस्टपर्यंत (ईस्टरनंतर सुमारे सात आठवड्यांनी येणारा सण) कोकरांची विक्री टॉरस चौकात होई.

व्याजाच्या बाबतीत धर्म व व्यवहार यांचा थेट संघर्ष दिसतो. लिओचा पिता पहिला बेसिल याने व्याज सरसकट निषिद्ध केले होते. पित्याचा नियम उदात्त असला तरी माणसाच्या आवाक्याबाहेरचा आहे, अशी भूमिका घेऊन लिओने स्वतंत्र फर्मानाने वार्षिक सुमारे ४ टक्के दराने व्याजाला मुभा दिली.

नफ्यावरही बंधन होते. एका नोमिस्माची (सुवर्णनाणे; त्याचे २४ केरातिया होत) गव्हाची खरेदी असेल, तर भटाऱ्याला नफा म्हणून १ केरातिऑन आणि मजूर, जनावरे व दिवाबत्तीच्या खर्चापोटी २ मिलियारेसिया (चांदीची नाणी), म्हणजे ४ केरातिया, घेण्याची परवानगी होती. गव्हाचा भाव बदलला की त्याने एपार्ककडे जावे व पावाचे वजन ठरवून घ्यावे. राजधानीत पाव अखंड मिळावा म्हणून भटाऱ्यांना व त्यांच्या जनावरांना सरकारी वेठबिगारीतून सूट होती. रेशमावर सर्वांत कडक नजर असे: १० नोमिस्मांहून अधिक किमतीच्या वस्त्राची वर्दी एपार्कला द्यावी लागे आणि सीरियातून आलेल्या व्यापाऱ्यांना नगरात ३ महिन्यांहून अधिक राहता येत नसे. नाणे कुरतडणाऱ्या सराफाचा हात तोडत. इतर गुन्ह्यांना फटके, मुंडण व श्रेणीतून हकालपट्टी अशा शिक्षा होत्या.

या श्रेणी प्राचीन रोमन संघांच्या थेट वारस होत्या, की दहाव्या शतकातील शासनाने नव्याने बांधल्या, यावर मतभेद आहेत. लोहार, कुंभार व जहाजबांधणी करणारे यांना ग्रंथात स्वतंत्र प्रकरणे नाहीत.