बँकेचा मेल आलाय? पत्ता उजवीकडून वाचा

‘आपले केवायसी अपूर्ण आहे. 24 तासांत माहिती न भरल्यास खाते गोठवले जाईल.’ वर बँकेचा लोगो, खाली निळं बटण, पाठवणाऱ्याच्या जागी बँकेचं नाव. यातलं सगळं खोटं असू शकतं, आणि ते रचायला फारशी हुशारीही लागत नाही.

ई-मेल पोचवण्याचे मूळ नियम 1982 सालचे. पाठवणारा खरंच तोच आहे का, हे तपासायची सोय त्यांत नव्हती. टपालाच्या पाकिटावर प्रेषक म्हणून कुणाचंही नाव लिहावं, तसं. पुढे एसपीएफ, डीकिम, डीमार्क या तपासण्या आल्या आणि बँकेच्या खऱ्या पत्त्याची नक्कल अवघड झाली. मग ठग मिळताजुळता पत्ता स्वतःच विकत घेऊ लागले. तो रीतसर त्यांचाच असल्याने तपासणीत पासही होतो.

म्हणून नाव सोडा, पत्ता बघा. मेलच्या पत्त्यात ‘ॲट’च्या पुढचा भाग, लिंकमध्ये सुरुवातीच्या ‘एचटीटीपीएस’नंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढच्या पहिल्या तिरक्या रेघेआधीचा भाग, आणि तो उजवीकडून वाचायचा. ‘एसबीआय डॉट बँक डॉट इन’ हा स्टेट बँकेचा पत्ता. त्यालाच पुढे ‘डॉट अमुकतमुक डॉट कॉम’ जोडलेलं दिसलं, तर मालक अमुकतमुक. डावीकडे त्याला हवं ते लिहिता येतं. ‘बँक डॉट इन’ हे शेपूट मात्र फक्त बँकांनाच मिळतं. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना 31 ऑक्टोबर 2025पर्यंत तिथे यायला सांगितलं होतं. ही फार उपयोगी खूण आहे, ती घरातल्या वडीलधाऱ्यांना जरूर दाखवा.

ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हावर मात्र विसंबू नका. वाटेत कुणी माहिती वाचत नाही, एवढंच ते सांगतं. पलीकडे ठग बसला असला तरी कुलूप दिसू शकतं. भाषेच्या चुका शोधूनही आता भागत नाही, कारण एआयकडून शुद्ध मराठी सहज लिहून मिळते. आणि ओटीपी? बनावट पानावर तुम्ही पासवर्ड टाकता, तो ठग त्याच क्षणी खऱ्या साइटवर टाकतो. त्यामुळे तुमच्या फोनवर येणारा ओटीपी अस्सल बँकेचाच असतो. तो पानावर भरला की पैसे गेले.

तसं झालंच, तर लाजून गप्प बसू नका. लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने फिरवले जातात. मधल्या एखाद्या खात्यात असतानाच ते अडवता येतात.