दुय्यम गृहकर्ज बाजारावरील सरकारी देखरेख आणि परवडणारी घरे (अमेरिका)

अमेरिकेत घरासाठी दिलेले कर्ज बँक पुष्कळदा स्वतःकडे ठेवत नाही. फॅनी मे (स्थापना १९३८) किंवा फ्रेडी मॅक (१९७०) ते विकत घेते, अशा कर्जांचा गठ्ठा करून त्यावर रोखे काढते आणि हप्ते थकले तरी रोखेधारकाचे पैसे बुडणार नाहीत अशी हमी देते. बँकेच्या हाती नवे कर्ज देण्यासाठी रक्कम मोकळी होते. हाच दुय्यम बाजार. या कंपन्या भागधारकांच्या, पण त्यांची सनद संसदेने दिलेली. त्या बुडू लागल्या तर सरकार सावरून घेईल हे बाजाराने गृहीतच धरले होते, त्यामुळे त्यांना पैसा स्वस्तात मिळे. या सवलतीच्या बदल्यात गरिबांच्या घरांसाठी काय करायचे, हे कायद्याने ठरते.

१९९२ च्या कायद्याने देखरेखीचे दोन तुकडे केले. कंपन्या आर्थिकदृष्ट्या भक्कम आहेत का, हे पाहायला ‘ओफियो’ हे कार्यालय. परवडणाऱ्या घरांची उद्दिष्टे ठरवायला गृहनिर्माण व नगरविकास विभाग. ओफियोचा खर्च कंपन्यांकडूनच वसूल होई, तरी त्याला दरवर्षी संसदेची मंजुरी लागे, आणि त्याच संसदेत या कंपन्यांचे वजन मोठे होते. किमान भांडवलही कायद्यातच लिहिलेले: ताळेबंदातील मालमत्तेच्या २.५ टक्के आणि ताळेबंदाबाहेरील हमीच्या ०.४५ टक्के. म्हणजे १०० डॉलरच्या हमीमागे जेमतेम ४५ सेंट.

अल्प व मध्यम उत्पन्न गटाचे उद्दिष्ट १९९७ मध्ये ४२ टक्के होते, २००१ मध्ये ५० आणि २००८ मध्ये ५६ टक्के झाले. टक्केवारीचा छेद म्हणजे कंपनीने वर्षभरात कर्जपुरवठा केलेली सगळी घरे. व्याजदर उतरले की सुस्थितीतले लोक जुने कर्ज फेडून नवे घेतात. छेद फुगतो आणि गरिबांसाठीचे काम तेवढेच राहूनही टक्का घसरतो. मग वर्षअखेरीस भाड्याच्या इमारतींची कर्जे एकगठ्ठा घेऊन तो भरून काढला जाई. खाजगी संस्थांनी काढलेले, दुबळ्या कर्जांवर आधारलेले रोखेही उद्दिष्टात धरता येत. खरी खोट इथे होती: कर्ज कोणाला दिले हे मोजले जाई, कर्जदाराला ते पेलेल का याकडे फारसे लक्ष नसे. तरी २००८ मध्ये गृहकर्ज बाजार कोसळला त्याचे सगळे खापर उद्दिष्टांवर फोडणे पटण्यासारखे नाही. त्या आर्थिक संकटाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाच्या बहुमतानेही त्यांचा वाटा किरकोळ मानला. एका सदस्याची भिन्नमतपत्रिका मात्र नेमके उलटे सांगते.

जुलै २००८ च्या कायद्याने दोन्ही कामे ‘एफएचएफए’ या एकाच नियामकाकडे आली आणि त्याच्या खर्चाला संसदेच्या मंजुरीची अट राहिली नाही. ६ सप्टेंबरला त्याने दोन्ही कंपन्या ताब्यात घेतल्या; २०२५ सालीही त्या ताब्यातच होत्या.

आजची मोजणी अधिक काटेकोर आहे. कर्ज मंजूर करताना धरलेले उत्पन्न त्या भागाच्या मध्यक उत्पन्नाशी ताडतात: ८० टक्क्यांपर्यंत अल्प, ५० टक्क्यांपर्यंत अत्यल्प. एकघरी उद्दिष्टांत मालक स्वतः राहतो तेच घर धरतात, भाड्याने देण्यासाठी किंवा सुट्टीसाठी घेतलेले नाही. खाजगी रोखे २०१० पासून वगळले आहेत. घरखरेदीचे आणि पुनर्कर्जाचे हिशेब वेगळे असल्याने छेद फुगण्याचा जुना घोळही बराच आटोक्यात आला. २०२२ ते २०२४ साठी घरखरेदी कर्जांत अल्प उत्पन्नाचा टप्पा, म्हणजे आधीच ठरवून दिलेले प्रमाण, २८ टक्के आणि अत्यल्पाचा ७ टक्के होता. तो हुकला, पण बाजारातील प्रत्यक्ष प्रमाण गाठले, तरी उद्दिष्ट पूर्ण मानतात. अडचण एवढीच की बाजाराचे आकडे पुढल्या वर्षी हाती येतात, त्यामुळे वर्ष चालू असताना कंपनीला ठरलेल्या टप्प्याकडे बघूनच कर्जे घ्यावी लागतात. दोन्ही कसोट्या हुकल्या तर नियामक सुधारणा आराखडा मागवू शकतो.

याखेरीज या कंपन्या नव्या व्यवसायाच्या दर १०० डॉलरमागे ४.२ सेंट बाजूला काढतात. त्यातले ६५ टक्के गृहनिर्माण न्यास निधीकडे आणि ३५ टक्के वित्त विभागाच्या एका निधीकडे जातात. कंपन्या ताब्यात घेतल्यावर ही वर्गणी थांबवली होती. डिसेंबर २०१४ मध्ये ती पुन्हा सुरू करण्याचा निर्णय झाला.

२०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार राष्ट्राध्यक्ष नियामकाच्या संचालकाला कारण न देता काढू शकतो.