कलम १०३१ : स्थावर मालमत्तेची करलांबणीवरील अदलाबदल

अमेरिकेच्या प्राप्तिकर संहितेतील कलम १०३१ नुसार, व्यवसायातील किंवा गुंतवणुकीची स्थावर मालमत्ता देऊन त्याच हेतूने दुसरी घेतली, तर नफ्यावरचा कर लगेच भरावा लागत नाही. कर माफ होत नाही, लांबणीवर पडतो. जुन्या मालमत्तेची मूळ किंमत नवीच्या खाती चढते. तरतुदीचे मूळ १९२१ च्या महसूल कायद्यात आहे. २०१८ पासून यंत्रे, वाहने वगळली गेली. राहते घर किंवा बांधून विकायच्या सदनिका चालत नाहीत. शेतजमीन देऊन भाड्याची इमारत घेतलेली चालते.

थेट अदलाबदलीत किमती क्वचितच जुळतात. फरकापोटी मिळालेल्या वरच्या रकमेला ‘बूट’ म्हणतात आणि नफ्याच्या मर्यादेत तिच्यावर कर लागतो. समजा, करासाठी २ लाख डॉलर किंमत धरलेली, आज ५ लाखांची जागा देऊन ४.६ लाखांची जागा व ४० हजार रोख घेतले. नफा ३ लाखांचा, पण आज करपात्र फक्त ४० हजार. उरलेले २.६ लाख नव्या जागेत दडलेले राहतात. अंगावरचे कर्ज समोरच्याने उचलले, तर तेही बूट ठरू शकते. रोकड हातात न येता कर भरावा लागतो तो इथे.

समोरच्याला आपलीच जागा हवी, असा योग विरळा. म्हणून बहुतेक व्यवहार पात्र मध्यस्थामार्फत होतात. विक्रीचे पैसे त्याच्याकडेच राहिले पाहिजेत. एक दिवसही स्वतःच्या खात्यात आले की सवलत गेली. स्वतःचा नेहमीचा वकील वा हिशेबनीस मध्यस्थ म्हणून चालत नाही. जुनी जागा हस्तांतरित झाल्यापासून ४५ दिवसांत नव्या जागा लेखी कळवायच्या (साधारणतः तीनपर्यंत) आणि १८० दिवसांत ताबा घ्यायचा. दोन्ही मुदती एकाच दिवशी सुरू होतात. त्या वर्षाचे विवरणपत्र आधी देय असेल तर १८० दिवसही मिळत नाहीत. वर्षअखेरीस जागा देणाऱ्यांनी विवरणपत्राची मुदत वाढवून घ्यावीच. व्यवहार नमुना ८८२४ मध्ये दाखवतात. नातलगांशी अदलाबदल केल्यास दोघांनी दोन वर्षे जागा विकायची नसते.

अमेरिकेत स्थायिक मराठी कुटुंबांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : पुण्यातला फ्लॅट देऊन टेक्सासमधली जागा घेतली तर ही सवलत नाही, कारण देशातली आणि परदेशातली मालमत्ता एकाच प्रकारची मानत नाहीत. शिवाय भारतीय प्राप्तिकर कायद्यात अदलाबदल हेही हस्तांतरणच असल्याने भारतातला भांडवली नफा वेगळा मोजला जातो.