एसजीपीए, सीजीपीए आणि टक्के: फॉर्म भरण्याआधी हिशेब स्वतः करून पाहा

ॲडमिशनचे दिवस आले की मध्य प्रदेशात, आमच्या रामबागेतल्या घरी संध्याकाळी मुलं मार्कशीट घेऊन येतात. परवा वरच्या मजल्यावरची मुलगी आली ती रडवेली होऊनच. "काका, युनिव्हर्सिटीनं माझे मार्क कमी केले. माझी सरासरी ८.६० येते आणि इथे ८.०० छापलंय."

मार्कशीट दिव्याखाली धरली. मेजरला (मुख्य विषयाला) बी, माइनरला (दुय्यम विषयाला) ए, इलेक्टिव्हला (निवडीच्या विषयाला) ए प्लस आणि फाउंडेशनच्या (पायाभूत) दोन विषयांना ओ. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, पट्टीप्रमाणे ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४ आणि एफ (नापास) म्हणजे ०. तिनं ६, ८, ९, १०, १० ची बेरीज ४३ केली आणि पाचानं भागली. शेजारच्या क्रेडिटच्या रकान्याकडे तिनं पाहिलंच नव्हतं.

वाण्याकडून ४० रुपयांचा तांदूळ ६ किलो घेतला आणि ८० रुपयांचा २ किलो, तर किलोमागे भाव ६० पडत नाही, ५० पडतो. जास्त वजनाचा तांदूळ सरासरीला आपल्याकडे ओढतो. इथे ते वजन म्हणजे क्रेडिट. साधारणपणे आठवड्याला एक तास थिअरी किंवा दोन तास प्रॅक्टिकल, म्हणजे सेमिस्टरचं एक क्रेडिट. तिच्या मेजरला आणि माइनरला ६-६ क्रेडिट, इलेक्टिव्हला ४, फाउंडेशनला २-२. आता ग्रेड पॉइंटला क्रेडिटनं गुणायचं: ३६, ४८, ३६, २०, २०. बेरीज १६०. एकूण क्रेडिट २०. भागाकार बरोबर ८.००. हाच एसजीपीए, म्हणजे एका सेमिस्टरची सरासरी. मार्कशीट अचूक होती. दोन ओ मिळूनही ४ क्रेडिटचेच, आणि एकटा बी ६ क्रेडिटचा. मध्य प्रदेशात नवं शिक्षण धोरण २०२१-२२ पासून लागू झालं तेव्हा साध्या बीए-बीएस्सीच्या घरांतही हे क्रेडिट आलं, म्हणून आई-वडिलांना हा हिशेब अजून परका वाटतो. त्यांनी तो शिकून घ्यावा असं मला मनापासून वाटतं, कारण मेजरला कमी ग्रेड मिळाली तर ती भरून काढणं किती जड जातं, हे त्यातूनच कळतं.

एफचा मारही असाच. त्याच मुलीला मेजरला एफ असता तर ३६ गेले असते, पण भागायचे २० मात्र तसेच राहिले असते: १२४ भागिले २०, म्हणजे ६.२०. काही विद्यापीठं तर विषय सुटेपर्यंत एसजीपीए छापतच नाहीत.

सीजीपीएमध्ये, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या मिळून सरासरीत, चूक आणखी महाग पडते. माझ्या भाच्याचे पहिल्या सेमिस्टरला २० क्रेडिट आणि एसजीपीए ८.००, दुसऱ्याला २४ क्रेडिट आणि ७.००. त्यानं दोन्हींची साधी सरासरी काढून फॉर्मवर ७.५० लिहिलं. खरा हिशेब १६० अधिक १६८, भागिले ४४, म्हणजे ७.४५. त्या संस्थेची अट ७.५० ची होती. कागद तपासणीत फॉर्म बाद झाला आणि फीही गेली. म्हणून सांगतो, एसजीपीएंची नुसती सरासरी कधीही काढू नका. प्रत्येक सेमिस्टरचा एसजीपीए त्याच्या क्रेडिटनं गुणा, बेरीज करा आणि एकूण क्रेडिटनं भागा.

मग येतो टक्क्यांचा रकाना. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. ७.४५ ला १० नं गुणलं तर ७४.५ टक्के. सीबीएसईच्या जुन्या दहावीच्या ९.५ नं गुणलं तर ७०.७८. इंजिनिअरिंगसाठी एआयसीटीईनं (तंत्रशिक्षण परिषदेनं) दिलेल्या कोष्टकात ६.२५ म्हणजे ५५ टक्के आणि ७.२५ म्हणजे ६५; त्या हिशेबानं ६७ टक्के. एकाच मुलाचे तीन आकडे! यातला चालतो तो फक्त तुमच्या विद्यापीठानं ठरवलेला. तो मार्कशीटच्या मागच्या बाजूला किंवा अध्यादेशात पाहा. मित्रानं सांगितलेला ९.५ वापरू नका.

पात्रतेत या दशांशांना किंमत असते. यूजीसी नेटला, म्हणजे प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेला, पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के लागतात, तेही राउंड ऑफ न करता, ५४.९९ चालत नाही. ओबीसी नॉन-क्रीमी लेयर, एससी, एसटी आणि दिव्यांगांना ५०. चार वर्षांच्या पदवीवरून थेट पीएचडीला जायचं तर ७५ टक्के किंवा तेवढी ग्रेड हवी, राखीव गटांना ५ टक्क्यांची सूट.

कागदपत्रांत सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट ठेवा, एटीकेटीच्या (राहिलेल्या विषयांच्या) धरून, कारण सुटलेल्या विषयाची ग्रेड नव्या मार्कशीटवरच असते. पदवी किंवा प्रोव्हिजनल सर्टिफिकेट लागतं. विद्यापीठाचं टक्केवारी रूपांतराचं पत्र बाहेरच्या राज्यात हमखास मागतात. त्याचा अर्ज परीक्षा विभागात शेवटच्या तारखेच्या बराच आधी करा. १२ अंकी अपार आयडीवर (विद्यार्थ्याच्या ओळख क्रमांकावर) क्रेडिट चढले आहेत का, तेही डिजिलॉकरमध्ये पाहून घ्या.

आणि आपल्या मराठी घरांसाठी एक खास गोष्ट. इथल्या, म्हणजे मध्य प्रदेशातल्या, मार्कशीटवर मुलाचं नाव आणि आडनाव एका ओळीत असतं, वडिलांचं नाव वेगळ्या ओळीत. पुण्या-मुंबईचा फॉर्म भरताना आपण सवयीनं वडिलांचं नाव मध्ये घालतो आणि कागद जुळत नाहीत. फॉर्मवर नाव दहावीच्या मार्कशीटवर आहे तसंच, अक्षरन् अक्षर लिहा. वडिलांच्या नावाचा वेगळा रकाना असेल तर ते तिथेच भरा.