अमेरिकी व्यावसायिक फुटबॉलमधील प्रेक्षकघट

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील आणि त्यांच्याशी जोडलेल्या कॅनडातील व्यावसायिक साखळी फुटबॉल सामन्यांना प्रत्यक्ष मैदानावर येणाऱ्या प्रेक्षकांची संख्या काही कालखंडांत सलग घटत गेली, त्या घटनेचा विचार या नोंदीत केला आहे. फुटबॉल हा शब्द येथे आपल्याकडील अर्थाने वापरला आहे. अमेरिकेत या खेळाला सॉकर म्हणतात. घसरणीचे सर्वांत अभ्यासले गेलेले उदाहरण नॉर्थ अमेरिकन सॉकर लीगचे (यापुढे नासल, १९६८–८४) आहे. मेजर लीग सॉकरची (एमएलएस) १९९६ ते २००० ही वर्षे आणि महिलांच्या पहिल्या व्यावसायिक साखळीचे तीन हंगाम ही त्यानंतरची उदाहरणे होत.

मोजणीचा प्रश्न : प्रेक्षकसंख्येच्या आकड्यांवर बोलण्यापूर्वी ते आकडे कशाचे आहेत हे पाहणे अवश्य आहे. अमेरिकी क्रीडाव्यवहारात सामन्यानंतर जाहीर होणारी संख्या बहुधा वितरित झालेल्या तिकिटांची असते. फाटकातून आत आलेल्या माणसांची नव्हे. हंगामाचे तिकीट काढून घरी बसलेला माणूस या संख्येत येतो आणि प्रायोजकांनी किंवा शाळांनी वाटलेले पासही अनेकदा तिच्यात मिळवले जातात. बेसबॉलमध्येही दोन प्रमुख लीगांच्या पद्धती दीर्घकाळ वेगळ्या होत्या. नॅशनल लीग १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत फाटकावरची मोजणी देत असे, तर अमेरिकन लीग विकलेल्या तिकिटांची. त्यामुळे त्या दोहोंची थेट तुलना फसवी ठरे. फुटबॉलमध्ये नवे संघ पहिल्या हंगामात सढळ हाताने फुकट पास वाटत आणि पुढे तो हात आखडता घेत. अशा ठिकाणी कागदावर दिसणारी घट ही काही अंशी पास कमी झाल्याची घट असते. उलट, जाहीर आकडा स्थिर असतानाही खुर्च्या रिकाम्या पडत गेलेल्या असू शकतात. पुढील सर्व संख्या जाहीर संख्या आहेत, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

दुसरी अडचण सरासरीची आहे. मोडकळीला आलेले संघ बंद पडले की त्यांचे कमी प्रेक्षकांचे सामने हिशेबातून जातात आणि उरलेल्या संघांची सरासरी आपोआप सावरते. संघसंख्या झपाट्याने बदलत असलेल्या स्पर्धेत सरासरीबरोबर एकूण प्रेक्षकसंख्याही पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते. प्रस्तुत विषयावरील लोकप्रिय लेखनात हे क्वचितच केलेले आढळते.

पूर्वपीठिका : १९२० च्या दशकात ईशान्येकडील गिरण्यांच्या आणि पोलादाच्या गावांत अमेरिकन सॉकर लीगने चांगला जम बसवला होता. १ मे १९२६ रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर व्हिएन्नाच्या हाकोआ संघाचा सामना पाहायला सुमारे ४६ हजार लोक आले. अमेरिकेतील फुटबॉल सामन्याचा हा उच्चांक अर्धशतकभर टिकला. दशकाच्या अखेरीस संघटनांमधील भांडण आणि पाठोपाठ आलेली महामंदी यांत ही लीग मोडली.

१९६६ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना अमेरिकेत दूरचित्रवाणीवर दिसल्यावर भांडवलदारांचे लक्ष या खेळाकडे वळले. १९६७ मध्ये एकाच वेळी दोन प्रतिस्पर्धी साखळ्या सुरू झाल्या. त्यांपैकी फिफाची मान्यता असलेल्या साखळीने वेळेअभावी परदेशी संघच्या संघ उचलून आणले आणि त्यांना अमेरिकी शहरांची नावे दिली. इंग्लंडचा वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्स हा लॉस एंजेलिसचा संघ झाला, तर इटलीचा काल्यारी शिकागोचा. दोन्ही साखळ्यांच्या विलीनीकरणातून १७ संघांची नासल उभी राहिली आणि १९६९ मध्ये तिच्यात अवघे ५ संघ उरले. सरासरी तीन हजारांच्या आसपास होती. प्रेक्षकघटीचा इतिहास १९८० पासून सांगण्याचा प्रघात असला, तरी पहिली पडझड ही १९६८-६९ ची आहे.

नासलचा चढ : वेल्सचे माजी खेळाडू आणि लीगचे प्रमुख फिल वुस्नम यांच्या कारकिर्दीत लीग हळूहळू सावरली. १९७५ च्या जूनमध्ये न्यूयॉर्क कॉसमॉसने पेले यांना करारबद्ध केले. संघामागे वॉर्नर कम्युनिकेशन्सचा पैसा होता. पेले पहिला सामना रँडल्स बेटावरील जुनाट डाउनिंग स्टेडियममध्ये खेळले. दोन वर्षांत संघ न्यूजर्सीतील जायंट्स स्टेडियममध्ये गेला आणि त्याला किनाल्या, बेकेनबाउअर, कार्लुस आल्बेर्तु या नामांकित परदेशी खेळाडूंची जोड मिळाली. १४ ऑगस्ट १९७७ रोजी फोर्ट लॉडरडेल स्ट्रायकर्सविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्याला ७७,६९१ प्रेक्षक होते. कॉसमॉसने तो ८–३ असा जिंकला. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला हा संघ कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागानशी खेळला आणि सामना २–२ असा बरोबरीत सुटला. नासलचा भारतीय प्रेक्षकांशी थेट संबंध आला तो येथे.

मिनेसोटा किक्सने १९७७ आणि १९७८ या दोन हंगामांत ३० हजारांहून अधिक सरासरी राखली. टँपा बे, सिॲटल, व्हँकूव्हर येथेही खेळ रुजला. त्या शहरांत फुटबॉल म्हणजे केवळ पेले नव्हते. ही बाब पुढील वादात विसरली जाते.

घसरणीचा आरंभ : घसरण नेमकी कधी सुरू झाली याविषयी दोन मते आहेत. लीगची सरासरी १९८० मध्ये सर्वाधिक, म्हणजे सुमारे १४,४०० होती, म्हणून सामान्यतः तेच वर्ष वळणाचे मानतात. दुसरे मत कॉसमॉसचे आकडे प्रमाण धरते. या संघाची सरासरी १९७८ मध्ये ४७,८०० च्या वर गेली, १९८० मध्ये ती सुमारे ४२,७०० झाली आणि १९८४ मध्ये १२,८०० वर आली. या मतानुसार पेले निवृत्त झाल्यानंतरचा पहिला हंगाम हेच शिखर आणि त्यानंतर उतरण.

कॉसमॉस वगळून हिशेब केला तर चित्र बदलते. १९७८ मध्ये लीगमध्ये २४ संघ होते व सरासरी सुमारे १३,१०० होती. कॉसमॉस वजा केल्यास उरलेल्या २३ संघांची सरासरी ११,६०० च्या आसपास येते. १९८० मध्ये हीच संख्या १३,२०० च्या घरात जाते. म्हणजे न्यूयॉर्कमध्ये गर्दी ओसरत असताना इतरत्र ती वाढत होती आणि त्यामुळे १९८० हे वर्ष अधिक ग्राह्य ठरते. १९८४ मध्ये ९ संघ उरले असता लीगची सरासरी सुमारे १०,८०० होती, कॉसमॉस वगळता १०,५००. कॉसमॉस वगळता चार वर्षांतील ही घट सुमारे एक पंचमांश आहे. एवढ्याने कोणतीही लीग मरत नाही.

पण एकूण संख्या पाहावी. १९८० मध्ये २४ संघांचे प्रत्येकी १६ सामने घरच्या मैदानावर झाले. असे ३८४ सामने धरले तर साखळी फेरीचे प्रेक्षक ५५ लाखांच्या आसपास भरतात. १९८४ मध्ये ९ संघांचे प्रत्येकी १२, म्हणजे १०८ सामने झाले आणि प्रेक्षक साडेअकरा लाखांच्या आसपास राहिले. कॉसमॉस धरूनही सरासरी चौथ्या हिश्श्याने उतरली आणि मैदानावर येणारी गर्दी मात्र चार पंचमांशांनी नाहीशी झाली. संघांची संख्या १९८१ मध्ये २१, १९८२ मध्ये १४, १९८३ मध्ये १२ अशी उतरत गेली. प्रेक्षक कंटाळून गेला, हे वाक्य या विषयावर सर्रास लिहिले जाते. बहुसंख्य ठिकाणी आधी संघ गेला, ही वस्तुस्थिती त्या वाक्यात झाकली जाते आणि ज्यांनी इमानाने तिकिटे काढली त्यांच्यावर तो अन्याय आहे.

याला अपवाद आहेत. माँट्रिऑलच्या मॅनिक संघाची १९८१ मधील सरासरी २३ हजारांच्या वर होती आणि दोन वर्षांनी ती निम्म्याखाली आली. तेथे प्रेक्षकांनी खरोखरच पाठ फिरवली.

कारणे : अतिविस्तार हे कारण बहुतेक अभ्यासक अग्रस्थानी ठेवतात. १९७८ मध्ये एका फटक्यात १८ चे २४ संघ झाले. नव्या मालकांपैकी अनेकांजवळ दीर्घ तोटा सोसण्याची तयारी नव्हती. कॉसमॉसशी बरोबरी करण्याच्या नादात वयस्क परदेशी खेळाडूंवर मोठे वेतन उधळले गेले. वेतनमर्यादेचा विचार पुढे आला तोवर उशीर झाला होता. खुद्द वॉर्नरला अटारी या व्हिडिओ खेळांच्या कंपनीतील तोट्याने १९८३ च्या सुमारास घेरले आणि कॉसमॉसची सूत्रे किनाल्या यांच्याकडे गेली.

दूरचित्रवाणीचे कारणही महत्त्वाचे आहे. एबीसी वाहिनीने १९७९ पासून मोजके सामने दाखवले. दर्शक अपेक्षेहून कमी मिळाल्याने दोन हंगामांनी नियमित प्रक्षेपण थांबले. १९७८ मध्ये सुरू झालेल्या बंदिस्त मैदानावरील फुटबॉलच्या लीगने खेळाडू आणि हिवाळी प्रेक्षक ओढले. कोलंबियाने सोडलेला १९८६ चा विश्वचषक फिफाने १९८३ मध्ये अमेरिकेऐवजी मेक्सिकोला दिला, तेव्हा उरलेल्या मालकांची शेवटची आशा मावळली.

नियमबदलांचा परिणाम वादग्रस्त आहे. नासलमध्ये विजयाला ६ गुण आणि तीनपर्यंतच्या प्रत्येक गोलला एक जादा गुण असे. ऑफसाइडसाठी गोलरेषेपासून ३५ यार्डांवर वेगळी रेषा आखली जाई. बरोबरी फोडण्यासाठी १९७७ पासून शूटआउट आला. त्यात खेळाडू ३५ यार्डांवरून चेंडू घेऊन धावे आणि पाच सेकंदांत एकट्या गोलरक्षकाला चुकवून गोल करी. या बदलांनी जाणकार दुरावले असे म्हणतात. परंतु हे नियम गर्दी वाढत असतानाही लागू होते, त्यामुळे घसरणीचा भार त्यांच्यावर टाकता येत नाही.

अँड्रेई मार्कोव्हिट्स आणि स्टीव्हन हेलरमन या अभ्यासकांनी अधिक व्यापक मीमांसा केली आहे. अमेरिकेचे क्रीडाविश्व साधारणतः १८७० ते १९३० या काळात बेसबॉल, अमेरिकन फुटबॉल इत्यादींनी व्यापले आणि उशिरा आलेल्या सॉकरला जागा उरली नाही, असे ते मांडतात. सॉकर तेथे कायम कडेला का राहिला हे या सिद्धांताने पटते. १९८० ते १९८४ याच चार वर्षांत काय झाले याचा उलगडा मात्र मालकांच्या हिशेबातूनच अधिक होतो.

१९८४ चे विजेतेपद शिकागो स्टिंगने टोरोंटो ब्लिझर्डला हरवून मिळवले. मार्च १९८५ मध्ये पुढील हंगामाला केवळ टोरोंटो आणि मिनेसोटा असे दोनच संघ तयार असल्याने लीग थांबली.

एमएलएसमधील घट : १९९४ च्या विश्वचषकात दर सामन्याला सुमारे ६९ हजार प्रेक्षक आले. यजमानपदाच्या बदल्यात दिलेल्या वचनानुसार १९९६ मध्ये १० संघांची एमएलएस सुरू झाली. पहिल्या हंगामाची सरासरी १७,४०० होती, दुसऱ्याची १४,६०० आणि २००० ची सुमारे १३,८००. नव्याची नवलाई ओसरली हे खरे. पण अमेरिकन फुटबॉलच्या ६०-७० हजार आसनांच्या स्टेडियममध्ये चौदा हजार माणसे विरळ दिसत आणि त्या विरळपणानेच आणखी माणसे घटत. संघमालक लामार हंट यांनी कोलंबसमध्ये बांधलेले, सुमारे साडेबावीस हजार आसनांचे खास फुटबॉलचे मैदान मे १९९९ मध्ये खुले झाले. पुढे हाच नमुना देशभर पसरला. दरम्यान जानेवारी २००२ मध्ये टँपा बे म्युटिनी आणि मायामी फ्यूजन हे संघ बंद करण्यात आले. फ्यूजन २००१ च्या साखळी फेरीत गुणांनी अव्वल होता, हे येथे नमूद केले पाहिजे.

महिलांची साखळी : १० जुलै १९९९ च्या महिला विश्वचषक अंतिम सामन्याला रोझ बोलमध्ये ९०,१८५ प्रेक्षक होते. त्या लाटेवर २००१ मध्ये सुरू झालेल्या वूसा या साखळीची सरासरी आठ हजारांवरून तिसऱ्या हंगामात पावणेसात हजारांच्या खाली आली. १५ सप्टेंबर २००३ रोजी, पुढच्या विश्वचषकाला पाच दिवस उरले असताना, ती स्थगित झाली.

अलीकडील स्थिती : २००७ मध्ये डेव्हिड बेकहॅम आणि २०२३ मध्ये लिओनेल मेस्सी आल्यावर एमएलएसची प्रेक्षकसंख्या वाढली; २०२४ मध्ये सरासरी २३ हजारांच्या वर गेली आणि २०२५ मध्ये ती सुमारे २२ हजारांवर उतरली. या आकड्यांनाही कॉसमॉसची, म्हणजे एका संघाचा प्रभाव वेगळा काढून पाहण्याची, कसोटी लावावी लागते, फक्त उलट दिशेने. मेस्सींच्या इंटर मायामी संघाचे तेव्हाचे घरचे मैदान जेमतेम २१ हजारांचे, त्यामुळे मेस्सींमुळे वाढलेली गर्दी प्रतिस्पर्ध्यांच्या खात्यावर पडते. १३ एप्रिल २०२४ रोजी कॅन्सस सिटीने मायामीविरुद्धचा सामना मोठ्या ॲरोहेड स्टेडियममध्ये नेला, तेव्हा ७२,६१० प्रेक्षक आले. मायामीचे ते छोटे मैदान फोर्ट लॉडरडेलमध्ये जुने लॉकहार्ट स्टेडियम पाडून त्याच जागी उभारलेले आहे. बंद पडण्यापूर्वी मायामी फ्यूजन तेथेच खेळत असे. १९७७ ते १९८३ या काळात नासलमधील स्ट्रायकर्सही तेथेच खेळले आणि मग मिनेसोटाला गेले. १९८५ मध्ये उरलेल्या दोन संघांपैकी एक तो हाच.