पिंग पोचतो, मेल अडतो

केळीची कापणी जोरात असताना सावद्याहून आतेभावाचा फोन आला. "नेट पळतंय रे. व्हिडिओ चालतात, स्पीड टेस्ट शंभर दाखवते. ऑफिसचा मेल तेवढा उघडत नाही. दिल्लीवाल्याचा हिशेब त्यातच अडकलाय."

दुपारी जळगावहून निघालो. ऑफिसात पाहतो तर राउटर जुन्या खिळ्यावरून काढून ईशान्येच्या कोपऱ्यात टांगलेला, शेजारी लिंबू-मिरची. वास्तूचा सल्ला कुणीतरी फुकट दिला होता. त्याने एवढंच झालं की आधी नीट बसलेली केबल आता ताणली गेली होती. मुनीमजी मूळचे अमळनेरचे. मला बघताच म्हणाले, "काही उघडस नही भाऊ!" कुकीज पुसून झाल्या होत्या, ब्राउझर बदलून झाला होता, राउटर बंद-चालू करणं तर रोजच्या आरतीसारखं सुरू होतं.

आधी सोप्या गोष्टी उरकल्या. मोबाइलच्या डेटावर तोच मेल लगेच उघडला, म्हणजे सर्व्हर जिवंत. कॉम्प्युटरचं घड्याळ बरोबर होतं (ते चुकलं तर सुरक्षित साइटचं प्रमाणपत्र नाकारलं जातं, हेही बघून घ्यावं). ऑफिसातले दोन्ही कॉम्प्युटर एकाच ठिकाणी अडत होते. म्हणजे दोष कॉम्प्युटरचा नाही, ऑफिस आणि सर्व्हर यांच्या मधल्या वाटेवरचा.

मग मेलच्या सर्व्हरला पिंग केलं. पिंग म्हणजे 'आहेस का?' अशी हाक. माइक मूस या अमेरिकी प्रोग्रॅमरने हे साधन १९८३ मध्ये लिहिलं आणि पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरून त्याला नाव दिलं. चारही हाकांना ओ आली. आतेभाऊ म्हणाला, "बघ, रस्ता तर चालू आहे." इथेच बहुतेक जण फसतात. विंडोजचा पिंग हाक मारताना फक्त ३२ बाइट मजकूर पाठवतो. सायकल गेली म्हणून केळीचा ट्रक जाईलच असं नाही. रेल्वेखालच्या बोगद्यातून सायकल, रिक्षा, ट्रॅक्टर आरामात जातात. वर आडवा लोखंडी बार लावलेला असतो तो ट्रकसाठी.

इंटरनेटवर माहिती तुकड्यांनी जाते, त्या तुकड्याला पॅकेट म्हणतात. एका पॅकेटची कमाल मर्यादा म्हणजे एमटीयू. ऑफिसातल्या तारेवर, म्हणजे इथरनेटवर, ती १५०० बाइट. हा आकडा १९८० च्या इथरनेट मानकापासून चालत आलाय. त्या काळी मेमरी महाग होती. कॉम्प्युटर, स्विच, सर्व्हर, सगळे आजही १५०० गृहीत धरून बसलेले असतात.

भावाच्या कनेक्शनला युजरनेम-पासवर्ड टाकावा लागतो. त्यासाठी पीपीपीओई नावाची पद्धत वापरतात, तिचं मानक १९९९ चं. यात प्रत्येक पॅकेटला आणखी एक लिफाफा चढतो: ६ बाइट पीपीपीओईचे, २ बाइट तिच्या पोटातल्या पीपीपी या पद्धतीचे, मिळून ८. बाहेरच्या पेटीची मर्यादा तीच १५००, म्हणून आतल्या मालाला उरतात १४९२. सगळा घोटाळा या आठ बाइटांचा.

आठ बाइट जास्त झाले तर पॅकेट फोडता येत नाही का? येतं, पण आजकालची बहुतेक पॅकेटं 'फोडू नका' अशी खूण घेऊनच निघतात. कारण फोडाफोडीने वाटेतल्या यंत्रांचं काम वाढतं आणि एक तुकडा हरवला की सगळं पॅकेट वाया जातं. मग ज्या यंत्रापाशी पॅकेट अडतं, त्याने मूळ पाठवणाऱ्याला निरोप द्यायचा: 'माझ्याकडून १४९२ च जातात, छोटं करून पाठव.' पाठवणारा आकार कमी करतो आणि काम पुढे सरकतं. ही युक्ती १९९० मध्ये लिहून ठेवली गेली आणि मला ती फार आवडते. संपूर्ण वाटेचा नकाशा कुणाकडेच नसतो. जिथे अडलं तिथून निरोप येतो आणि तेवढ्यावर काम भागतं.

फक्त तो निरोप पोचला पाहिजे. तो जातो आयसीएमपी नावाच्या टपालाने, आणि पिंगही त्याच टपालाने जातो. १९९६-९७ च्या सुमारास प्रमाणाबाहेर मोठे पिंग पाठवून कॉम्प्युटर पाडायचा उद्योग सुरू झाला. तेव्हापासून कित्येक व्यवस्थापकांनी भीतीपोटी आयसीएमपी सरसकट अडवायला सुरुवात केली, काहींनी फक्त पिंगपुरतं दार उघडं ठेवलं. चोर येतो म्हणून पोस्टमनलाच गावबंदी केली. वर याला 'कडक सुरक्षा' म्हणायचं! मला याची चीड येते.

आता भावाच्या ऑफिसात काय घडत होतं ते बघू. जोडणी सुरू होताना दोन्ही बाजू एकमेकांना सांगतात की एका पॅकेटमध्ये मला एवढाच मजकूर चालेल. या आकड्याला एमएसएस म्हणतात. भावाच्या कॉम्प्युटरला फक्त आपली तार दिसते, म्हणून तो १५०० मधून दोन हेडरांचे (पॅकेटवरच्या पत्त्याच्या नि नोंदीच्या चिठ्ठ्यांचे) २० अधिक २० वजा करतो आणि १४६० सांगतो. सर्व्हर ते मान्य करतो. ही बोलणी छोट्या पॅकेटांत होतात, ती सहज पार पडतात. त्यानंतर सर्व्हर आपलं प्रमाणपत्र पाठवतो, ज्यावरून ब्राउझर कुलपाचं चिन्ह दाखवतो. प्रमाणपत्रांची साखळी साधारण काही हजार बाइटांची, म्हणजे पहिलंच पॅकेट पुरं भरलेलं, १५०० चं. ते भावाच्या इंटरनेट सेवादात्याच्या टोकाशी येऊन अडतं. तिथून 'छोटं करा' असा निरोप निघतो आणि सर्व्हरपुढच्या फायरवॉलच्या, म्हणजे येणारं-जाणारं तपासणाऱ्या पहारेकऱ्याच्या, भिंतीवर आपटून पडतो. सर्व्हरला काहीच कळत नाही. तो वाट बघतो, तेच पॅकेट पुन्हा पाठवतो, पुन्हा वाट बघतो. इकडे पडद्यावर चाक फिरत राहतं. चूक झाल्याचा संदेशही येत नाही, कारण चूक झाली हे कुणाला माहीतच नसतं. जाणकार याला कृष्णविवर म्हणतात. आकाशातल्या कृष्णविवराशी त्याचा काही संबंध नाही. आत गेलेलं परत येत नाही एवढंच साम्य.

बाकीच्या साइट का चालत होत्या? मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर हा निरोप ऐकतात, काही मुळातच जरा लहान पॅकेटं पाठवतात, तर काही उत्तर येईना असं दिसलं की आपणहून आकार घटवून बघतात. स्पीड टेस्टचं म्हणाल तर ती मिनिटाला किती गाड्या गेल्या ते मोजते. तिच्या स्वतःच्या गाड्या बोगद्यात बसणाऱ्या असल्या की तिला बार दिसतच नाही. जाहिरातीतल्या 'शंभर एमबीपीएस'ला म्हणूनच मी फार भाव देत नाही.

आता खात्री करायची होती. कमांडच्या काळ्या खिडकीत पिंग लिहून पुढे 'डॅश एफ' (फोडू नका) आणि 'डॅश एल' (मजकूर किती बाइटांचा) लावून १४७२ हा आकडा दिला. १४७२ मजकूर, २० आयपी हेडर, ८ आयसीएमपी हेडर, बेरीज बरोबर १५००. चारही हाका वाऱ्यावर गेल्या. खरं तर इथे राउटरनेच 'पॅकेट फोडावं लागेल' असं सांगायला हवं होतं, पण हा गप्प. मग १४६४ दिला. उत्तर आलं. १४६५ दिला, पुन्हा शुकशुकाट. १४६४ अधिक २८, म्हणजे १४९२. एका बाइटच्या फरकाने उत्तर येतं आणि बंद होतं हे स्वतःच्या बोटांनी करून बघण्यात मजा आहे. मुनीमजींनीही खुर्ची ओढून दोनदा करून पाहिलं.

राउटरच्या वॅन, म्हणजे बाहेरच्या जोडणीच्या, सेटिंगमध्ये पीपीपीओईखाली एमटीयू १५०० भरलेला होता. म्हणून तर तो गप्प होता. त्याच्या मते पुढचा रस्ता रुंदच होता. तिथे १४९२ टाकले आणि 'एमएसएस क्लॅम्पिंग' चालू केलं. या सोयीने राउटर बाहेर जाणाऱ्या पहिल्या पॅकेटातला १४६० हा आकडा वाटेतच खोडून १४५२ करतो. सर्व्हर समजतो की समोरच्याचीच मागणी तेवढी आहे आणि सुरुवातीपासून बोगद्यात बसेल असाच माल पाठवतो. निरोपाची गरजच उरत नाही. म्हटलं तर ही राउटरची लबाडी, पण सोयीची.

पान उघडलं. इनबॉक्समध्ये चार दिवसांचे मेल एकावर एक चढले, दिल्लीचा हिशेबही त्यात होता. राउटर जुन्या खिळ्यावर परत गेला, लिंबू-मिरची मुनीमजींनी तशीच ठेवली.

मेलची सेवा देणाऱ्यांना मी त्याच संध्याकाळी सगळे आकडे घालून पत्र लिहिलं, की तुमची फायरवॉल 'छोटं करा' हा निरोप अडवते आहे, तेवढा आत येऊ द्या. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: कृपया ब्राउझरच्या कुकीज पुसून पुन्हा प्रयत्न करा.